स्टेडियमची जागा ठरवायची तर आधी रात्री साडेदहाला तिथे जाऊन उभे राहा

गेले आठ दिवस आमच्या गावच्या ग्रूपवर एकच वाद चाललाय, उत्तर गोव्यात फुटबॉलचं मोठं स्टेडियम करायचं झालं तर ते कुठे करायचं. कोण म्हणतो मोपाला विमानतळाजवळ, कोण म्हणतो बांबोळीच्या सड्यावर (म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर), कोणाला पणजीतलं कांपालच हवं. मी दोनच ओळी टाकल्या, त्यावर तिघाचौघांनी विचारलं की ताई नेमकं म्हणायचंय काय, म्हणून इथे सविस्तर लिहिते. लांबेल, पण वाचा.

आधी एक दिवस सांगते. २६ ऑक्टोबर २०२२. दिवाळीचे दिवस, घरात अजून फोव आणि फराळ, शाळेला सुट्टी. मुलींच्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपच्या दोन्ही सेमीफायनल त्या दिवशी फातोर्ड्याला, म्हणजे दक्षिण गोव्यात मडगावच्या स्टेडियमवर होत्या. माझी भाची तेव्हा तेरा वर्षांची. आमच्या साखळी गावात मुलांबरोबर खेळायची, कारण मुलींची टीम होण्याइतक्या मुलीच नव्हत्या. तिने महिनाभर आधीपासून डोकं खाल्लं होतं, मावशी जाऊया, मावशी जाऊया. गेलो. जाताना फोंड्यावरून गेलो, डबा बरोबर, दुपारी दोनच्या आत मडगाव.

पहिला सामना साडेचारला, नायजेरिया आणि कोलंबिया. नव्वद मिनिटांत गोल नाही, मग थेट पेनल्टी, आणि त्या पेनल्टीच्या वेळी आमची पोरगी बाकावर उभी राहून दोन्ही हात डोक्यावर धरून बघत होती, श्वास घेत होती की नाही देव जाणे. कोलंबिया ६-५ ने जिंकलं. तोवर अंधार पडलेला, फ्लडलाईट लागलेले, हिरवळ अशी चमकत होती की टीव्हीवर कधी तशी दिसत नाही. आणि दुसरा सामना आठ वाजता होता, जर्मनी विरुद्ध स्पेन.

तो आम्ही बघितला नाही.

मी घड्याळ बघितलं आणि तिला म्हटलं चल. मडगाव ते पणजी, पणजी ते साखळी, आणि साखळीच्या स्टँडवरून घर. फोंड्यावरून परतायचं म्हटलं तर त्या वेळी फोंड्याहून पुढे गाडी मिळेल याची खात्री नाही. आठचा सामना संपणार दहाच्या सुमारास, दहाला फातोर्ड्याहून निघून साखळीला पोचवणारी बस नाही, आमच्याकडे स्वतःची गाडी नाही, आणि तेरा वर्षांची मुलगी बरोबर. ती एक शब्द बोलली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. बस सुटली तेव्हा मागच्या काचेतून ते लाईट दिसत होते, ती मान वळवून दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. पणजीच्या स्टँडवर साखळीची गाडी मिळाली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाय, हे उपरांत गाडी ना." यानंतर गाडी नाही, म्हणजे ती सुद्धा थोडक्यात मिळाली. स्पेन जिंकलं हे घरी जेवताना मोबाईलवर कळलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. स्टेडियमची जागा ही जमीन किती स्वस्त, हायवे किती जवळ, नकाशावर कशी दिसते यावर ठरवायची नसते. सामना संपल्यावर माणूस घरी कसा जाणार, यावर ठरवायची असते. जायला सगळ्यांना जमतं. दुपारची वेळ असते, उत्साह असतो, दोन गाड्या बदलून माणूस पोचतो. प्रश्न परतीचा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण जे जागा ठरवतात ते सगळे गाडीने येतात.

फातोर्डा वाईट आहे असं अजिबात नाही, उलट फातोर्डा चालतं का ते बघा. १९८९ पासून ते उभं आहे, आधी तिथे क्रिकेटचे वनडे पण व्हायचे, २०१० ला शेवटचा ठरला तो पावसात एकही बॉल न पडता गेला, पण फुटबॉल टिकलं. कारण ते मडगावात आहे. बसस्टँड चालण्याच्या अंतरावर, सगळ्या साष्टीच्या, म्हणजे मडगावच्या तालुक्याच्या, गाड्या तिथे, लोक चालत येतात, स्कूटरवर तिघं बसून येतात, सामना संपला की तासाभरात घरी. एकोणीसेक हजारांचं स्टेडियम शहराच्या अंगाला लागून आहे म्हणून ते जिवंत आहे. ते साष्टीच्या लोकांचं आहे आणि त्यांनी ते प्रेमाने सांभाळलंय. आमचं, म्हणजे उत्तरेतल्या डिचोली, सत्तरी, पेडणे, बार्देशचं तसं काही नाही.

आता मोपा. मला कळतं लोक का म्हणतात, नवा विमानतळ झालाय, रस्ते रुंद झालेत, जागा मोकळी आहे. पण विमानाने येणार कोण? बाहेरची टीम, पंचवीस तीस माणसं, महिन्यातून दोनदा. आणि बसून बघणारे दहा हजार कुठून येणार? म्हापसा, शिवोली, डिचोली, वाळपई, पणजी, फोंडा. त्या तीस माणसांच्या सोयीसाठी दहा हजारांना उत्तरेच्या टोकाला न्यायचं हे मला पटत नाही.

आणि जिथे बस नाही तिथे पार्किंग लागतं, हा हिशोब कोणीतरी मांडा एकदा. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे जेमतेम पावणेदोन एकर. समजा बारा हजार माणसं आली आणि एका गाडीत चार धरली तर तीन हजार गाड्या. एका गाडीला वळायच्या जागेसकट साधारण २५ चौरस मीटर लागतात. म्हणजे ७५ हजार चौरस मीटर. म्हणजे दहा फुटबॉल मैदानांएवढी जमीन नुसती गाड्या उभ्या करायला, तीही वर्षातले वीसेक दिवस, बाकीचे दिवस तिथे डांबर तापत पडणार. एका मैदानासाठी दहा मैदानं मारायची, हे आपल्यासारख्या ३७०२ चौरस किलोमीटरच्या राज्याला परवडत नाही हो.

त्यात ही जमीन बहुतेक वेळा सड्यावरची असते. सडा म्हणजे पडीक असं शहरात बसलेल्याला वाटतं, वर नुसता जांभा दगड आणि सुकलेलं गवत दिसतं. आमच्याकडे कोणालाही विचारा, पावसाचं पाणी त्याच दगडातून खाली मुरतं आणि डोंगराच्या पायथ्याला झरी होऊन बाहेर येतं, त्यावर कुळागरं (माडा-पोफळीच्या बागा) जगतात, मे महिन्यात विहिरीला पाणी राहतं ते त्यामुळे. वर वीस एकर काँक्रीट आणि डांबर ओतलं की तेच पाणी जून महिन्यात लाल होऊन खालच्या वाड्यात घुसतं आणि मार्चमध्ये झर सुकते.

खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली शेतजमीन, तिचं तर नावच काढू नका. नदीकाठची सपाट जागा, शहराला लागून, हायवेला लागून, नकाशावर एकदम सोयीची वाटते. पण ते बांध आणि मानशी काय शोभेला बांधल्या नव्हत्या आपल्या माणसांनी. भरतीचं पाणी कधी आत घ्यायचं, कधी अडवायचं, हे सगळं त्या मानशीच्या दारावर चालतं, आणि पावसाळ्यात शहराचं जादा पाणी उतरतं ते त्याच शेतात. तिथे मातीचा भराव टाकला की पाणी जातं शेजाऱ्याच्या घरात, आणि भरावावर उभी केलेली गॅलरी खचत राहते ती वेगळीच.

कांपालबद्दल लिहिताना मला वाईट वाटतं, कारण मांडवीच्या काठावर संध्याकाळी फुटबॉल यासारखं सुंदर काही नाही. पण आजच्या पणजीत साधा शनिवार असला तरी बांदोडकर रोड हलत नाही. तिथे मुलांच्या खेळाची मैदानं राहू देत, मोठी गॅलरी नको.

बांबोळीचं म्हणाल तर तिथे अथलेटिक स्टेडियम आहेच, कोरोनाच्या काळात आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) सामने पण तिथे झाले, रिकाम्या गॅलरीसमोर. पण शेजारी मेडिकल कॉलेज आहे, सगळ्या गोव्याच्या अँब्युलन्स तिथे येतात. त्याच रस्त्यावर सामन्याची दहा हजारांची गर्दी सोडणं मला बरोबर वाटत नाही. शिवाय धावण्याचा ट्रॅक असलेल्या मैदानावर फुटबॉल बघणं म्हणजे दुसऱ्याच्या दारातून आरती बघणं. खेळाडूचा आवाज आला पाहिजे, बूट चेंडूवर लागल्याचा आवाज आला पाहिजे. नवीन करताय तर ट्रॅक नको, क्रिकेटची सोय नको, फक्त फुटबॉलचं करा आणि छोटं करा, दहाबारा हजारांचं.

मोठं करून लांब ठेवलं की काय होतं ते पोर्तुगालात बघा. आपल्याकडे अजून बेनफिका आणि स्पोर्टिंग या तिथल्या क्लबांवर जीव टाकणारी घरं आहेत म्हणून मुद्दाम तिथलं सांगते. २००४ च्या युरो कपसाठी त्यांनी दहा स्टेडियमं वापरली. त्यातलं आल्गार्वचं, तीस हजारांचं, फारो आणि लोले या दोन गावांच्या मधे मोकळ्यावर बांधलं, दोघांना समान अंतर म्हणून. झालं असं की ते दोघांचंही झालं नाही, फारोची टीम आपल्या गावातल्या जुन्या मैदानावर खेळत राहिली. आणि लिस्बनमधे बेनफिकाचं बघा, स्पोर्टिंगचं बघा, दोन्हीकडे मेट्रोतून उतरून लोक चालत आत जातात. लांब कशाला, कोचीला कलूर स्टेडियमला त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे. आपल्याकडे मेट्रो नाही, आपली मेट्रो म्हणजे बसस्टँड.

म्हणून माझं मत म्हापसा. म्हापशाच्या स्टँडवर पेडण्याची गाडी लागते, डिचोली साखळीची लागते, पणजीची दर पाचदहा मिनिटाला, शिवोली, कळंगुट, अस्नोडा सगळं तिथूनच सुटतं. दर शुक्रवारी अख्ख्या उत्तर गोव्याचा बाजार तिथे भरतो आणि संध्याकाळपर्यंत उठतो. बोडगेश्वराच्या जत्रेला रात्री बारा एक वाजता त्या शेतातून किती माणूस बाहेर पडतं ते बघितलंय ना सगळ्यांनी? लहान पोरं खांद्यावर, हातात खाज्याचे पुडे, आणि सगळे आपापल्या गावी पोचतात. त्या गावाला गर्दी घरी पाठवायची सवय आहे. (बोडगेश्वराच्या शेतात स्टेडियम करा असं मी म्हणत नाहीये, ते शेत आणि ती जत्रा तशीच राहू दे.) म्हापशातच धुळेरला फुटबॉलचं मैदान आधीपासून आहे, पेडेला क्रीडासंकुल आहे. नवीन डोंगर शोधत फिरण्यापेक्षा आधी तिथे मोजणी करा, गॅलरी किती वाढते बघा, खरी हिरवळ घाला, कारण कृत्रिम टर्फवर एप्रिलच्या दुपारी पोरांचे पाय भाजतात. मैदानाची दिशा उत्तर-दक्षिण धरा म्हणजे मावळतीचं ऊन गोलकीपरच्या डोळ्यांत जाणार नाही. आणि पावसाचं पाणी खालून कसं निघणार हे पहिल्या दिवशी ठरवा, आपल्याकडे पाऊस काय पडतो ते सांगायला नको.

म्हापशाला ट्रॅफिक आहे हे मान्य. रस्ते अरुंद आहेत हेही मान्य. पण ट्रॅफिक गाड्यांनी होतो, बसने आलेल्या माणसांनी नाही, म्हणून तर म्हणते पार्किंग मुद्दाम कमी ठेवा आणि त्या पैशात सामन्याच्या रात्री जादा गाड्या सोडा. जुन्या गोव्याच्या फेस्ताला सोडतो ना आपण जादा गाड्या? मग जमतं की.

ग्रूपवर एकाने लिहिलं की उत्तरेला कशाला, फुटबॉल हा साष्टीचा खेळ, तुमच्याकडे क्रिकेट आणि कबड्डी. हे वाचून मला राग आला, खरंच सांगते. गोव्यात फुटबॉल पहिल्यांदा आलं ते १८८३ मध्ये शिवोलीला, फादर विल्यम लायन्स यांनी आणलं. शिवोली म्हणजे म्हापशाहून किती, सातआठ किलोमीटर. मग तो खेळ दक्षिणेचा कसा झाला? जिथे मैदान झालं, जिथे पोरांना मोठी माणसं खेळताना बघायला मिळाली, तिथे तो वाढला. आमच्याकडे भात कापून झालं की शेतात दोन काठ्या रोवून पोरं अजून खेळतात, ढेकळांवरून चेंडू कसाही उडतो, तरी खेळतात. त्यांनी आपल्या गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव ऐकलंय, पण खरा गोलकीपर वीस फुटांवरून बघितलेला नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात, पुन्हा दिवाळीतच, रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर फातोर्ड्याला आला. रोनाल्डो आला नव्हता, तरी एवढा मोठा क्लब एफसी गोवाशी खेळायला आपल्या राज्यात आला ही केवढी गोष्ट. आपण २-१ ने हरलो पण गोल केला. भाची आता सोळा वर्षांची. या वेळी तिने मला विचारलंसुद्धा नाही. साठेक किलोमीटरवर सामना चालू होता आणि ती आतल्या खोलीत मोबाईलवर बघत होती, नेट अडकलं की फोन खिडकीशी धरत होती. तिने न विचारणं मला फार लागलं.

म्हणून जे कोणी जागा बघायला जाणार असतील त्यांना माझी हात जोडून विनंती, सकाळी अकराला गाड्यांचा ताफा घेऊन जाऊ नका. रात्री साडेदहाला जा, गाडी न घेता, बरोबर घरातली एक मुलगी घ्या, आणि तिथून वाळपईला जाऊन दाखवा. मग साखळीला, पेडण्याला, फोंड्याला. जिथून जमेल तिथे पायाभरणी करा, नाव कोणाचंही द्या.

आणि तुम्ही सगळ्यांनी एक करा. खाली कमेंटमधे तुमच्या गावाचं नाव आणि पणजीहून किंवा म्हापशाहून तिथे जाणारी रात्रीची शेवटची बस किती वाजता सुटते ते लिहा, मी सगळं एका कागदावर उतरवून घेते. पहिली कमेंट साखळीची, मी टाकलीय.