लिस्बनला जाताय ना, मग काशियासला उतरा

सकाळपासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहायला बसलेय. लांबेल, सवड असेल तेव्हा वाचा.

मैत्रिणीची लेक आणि जावई पुढच्या महिन्यात तीन दिवस लिस्बनला चाललेत. "मावशी, तू जाऊन आलीयेस ना, हे जरा बघून दे," म्हणून तिने एका टूर कंपनीचं मराठी पत्रक पाठवलं. दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात लिहिलंय, 'थोर दर्यावर्दी वास्को द गामा यांच्या समाधीचे दर्शन.'

समाधी हा शब्द आपण ज्ञानोबांसाठी वापरतो. १५०२च्या दुसऱ्या सफरीत या माणसाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज लुटलं आणि बायकामुलांसकट जाळलं. थडगं म्हणा. जेरोनिमस मठाच्या चर्चमध्ये शिरलं की डाव्या हाताला ते आहे, उजव्या हाताला त्यांचा कवी कामोइश. जरूर बघा, मठ बघण्यासारखाच आहे. जहाजाचे दोरखंड दगडात असे कोरलेत की हात लावून बघावासा वाटतो. पण आपल्या माणसांना मराठीतून 'दर्शन घ्या' म्हणून सांगायचं? कोणाच्याच मनाला हे लिहिताना टोचलं नाही?

मी २०१८ मध्ये बाबांना घेऊन गेले होते. बाबा तेव्हा ७६ वर्षांचे. आम्हालाही तीनच दिवस होते आणि मी सगळं तासातासाने आखलं होतं. पहिला दिवस अल्फामा आणि किल्ला, दुसरा बेलें, म्हणजे त्या मठाचा नदीकाठचा भाग, तिसरा सिंत्राचे राजवाडे. बाबांनी कशालाच नाही म्हटलं नाही. निघायच्या आदल्या रात्री बॅग भरताना फक्त एवढं म्हणाले, "मला काशियासला उतरायचंय."

मला ते नावही माहीत नव्हतं. नकाशात बघितलं तर काइश दु सोद्रे स्टेशनातून समुद्राकाठाने जाणाऱ्या लोकलवरचं एक लहानसं स्टेशन. तिथे बघायला काय आहे, तर एक तुरुंग. मी चिडले. सिंत्रा रद्द करावं लागणार होतं. बाबा म्हणाले, "मोहन रानडे तिथे होते गं."

आम्ही सांगलीचे, आणि रानडेही मूळचे सांगलीचेच, मनोहर आपटे. गोव्यात सावईवेऱ्याला मराठी शाळेत शिकवायला गेले आणि पोर्तुगीजांविरुद्ध लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ ला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये! आपण पणजीत तिरंगा लावून सात वर्षं उलटली तरी तो माणूस परक्या देशात कोठडीत होता. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोपला भेटले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी काही न मागता रानड्यांची सुटका मागितली. माझे थोरले काका १९५५ च्या गोवा सत्याग्रहातून मार खाऊन परतले होते, त्यांचा डावा हात शेवटपर्यंत नीट वळला नाही. त्यामुळे आमच्या घरात रानड्यांचं नाव देवापाशी घेतल्यासारखं घेतलं जायचं. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच असणार.

आणि ते बेलेंचं दर्यावर्दींचं स्मारक! ५२ मीटर उंच, नदीकाठी जहाजाच्या आकाराचं, प्रत्येक फोटोत असतं ते. ते दगडात उभं राहिलं १९६० साली. त्या साली रानडे कैदेतच होते. पत्रकात त्याच्या पायथ्याशी 'ग्रुप फोटो' आहे, ३० मिनिटं. संताप होतो हो वाचून.

मान्य आहे, तीन दिवसांच्या सुट्टीत तुरुंग बघायला कोणी जात नाही. तरुण मुलं आहेत, त्यांनी फिरावं, खावं. बेलेंच्या त्या १८३७ पासूनच्या दुकानात गरम पश्तेल, म्हणजे कस्टर्ड भरलेले छोटे टार्ट, दालचिनीची पूड भुरभुरून जरूर खावेत, बाबांनी चार खाल्ले.

आजच्या पोर्तुगीजांवर माझा राग नाही, हेही लिहायला हवं. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने त्यांच्या स्वतःच्या पोरांनाही काशियासमध्येच कोंडलं होतं. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी ती राजवट उलथवली, लोकांनी त्यांच्या बंदुकीच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली आणि दोन दिवसांत काशियासचे राजकीय कैदी बाहेर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोवा भारताचा म्हणून मान्य केला. नदीवरचा लाल झुलता पूल आधी सालाझारच्या नावाचा होता, आता '२५ एप्रिल'चा आहे. त्यांनी त्यांचा इतिहास लपवलेला नाही. कॅथेड्रलजवळ आल्जूब म्हणून राजकीय कैद्यांचा जुना तुरुंग आहे, २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढ्या कोठड्या. सगळे पर्यटक ज्यासाठी ताटकळतात ती २८ नंबरची पिवळी ट्राम त्याच्या दारावरून जाते. पत्रकात ट्राम आहे, आल्जूब नाही.

काशियासला आत जाता येत नाही, तिथे अजूनही तुरुंगच आहे. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. उंच भिंत, दरवाजा, पहारेकरी. बाबांनी कानटोपी काढली, बूट काढले आणि त्या थंड फरशीवर मोज्यांनी उभे राहिले. हात जोडले नाहीत, काही बोलले नाहीत. मी दोनदा घड्याळ बघितलं. ते घड्याळ बघणं मला आजही आठवतं आणि आजही लाज वाटते. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर समुद्र होता. बाबा म्हणाले, "एवढ्या जवळ समुद्र. आवाज येत असेल का रे आत?" मला 'रे' म्हणायचे ते, मऊ झाले की.

रानडे तेव्हा हयात होते, पुण्यातच होते. परत गेल्यावर बाबांना त्यांच्याकडे घेऊन जायचं ठरवलं होतं. आज नेऊ, उद्या नेऊ करत राहिलं. जून २०१९ मध्ये रानडे गेले. बाबांनी मला एका शब्दाने विचारलं नाही.

तर मैत्रिणीच्या लेकीला मी ते पत्रक परत पाठवलं. लिहिलं की समाधी खोडून थडगं कर, सोमवार टाळ कारण मठ आणि आल्जूब दोन्ही बंद असतात, तळ चांगले असलेले बूट घे कारण तिथली दगडी फरसबंदी पावसात बर्फासारखी निसरडी होते. आणि बेलेंहून तीच लोकल पुढे काशियासला जाते, तासाभराचं काम आहे. मोहन रानडे कोण हे तिला माहीत नव्हतं. यात तिचा काय दोष, आपणच सांगितलं नाही. फोनवर सगळं सांगितलं.

आत्ता तिचा मेसेज आलाय, "मावशी, स्टेशनवरून किती चालावं लागतं?"

चढ आहे बाळा. बाबांना वाटेत दोनदा बसावं लागलं होतं.