झाडू, कारभारी आणि ‘नम्र सेवक’

‘नम्र सेवक’ यांस सप्रेम जय ख्रिस्त.

माझ्या ‘कारभारी कोणाचा?’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. सकाळी चहाबरोबर, दुपारी जेवणानंतर आणि रात्री हिला मोठ्याने वाचून दाखवताना. ही म्हणाली, “सोडा हो, कुणाच्या नादी लागता?” सोडणारच होतो. पण झोप लागेना.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. आमच्या आवारातल्या सभेला एक प्रवचनकार आले होते. भिंतीवर त्यांनी कापडी तक्ता टांगला होता. सात रंगांचे सात गोल, म्हणजे देव माणसाशी वागतो त्या रीतींची सात युगं: निष्पापपण, सदसद्विवेक, मानवी राज्यकारभार, अभिवचन, नियमशास्त्र, कृपा आणि शेवटी हजार वर्षांचं राज्य. कृपेच्या गोलाच्या कडेला वर जाणारा लाल बाण, म्हणजे मंडळीचं, ख्रिस्ताच्या विश्वासणाऱ्यांचं, स्वर्गात उचललं जाणं. सभा संपल्यावर कुणीतरी आवारातल्या कडुलिंबाचा विषय काढला. गाड्या लावायला जागा हवी म्हणून तो पाडायचा घाट चालला होता. प्रवचनकार हसून म्हणाले, “पृथ्वीच जळून जायची आहे, एका लिंबाचं काय घेऊन बसलात?” त्यावर मी ‘कारभारी कोणाचा?’ हा लेख लिहिला. हा सगळा तक्ता ज्या शब्दावर टांगलेला आहे तो मूळ ग्रीक शब्द ‘ओइकोनोमिया’, इंग्रजीत ‘डिस्पेन्सेशन’. त्याचा अर्थ युग नव्हे, घराचा कारभार, एवढंच माझं म्हणणं होतं.

तुमचं म्हणणं असं की सात युगांची शिकवण टीपांच्या बायबलातून पसरवणाऱ्या स्कोफिल्डच्या जुन्या व्याख्येला मी झोडपत बसलो. त्याच शिकवणीचे पुढचे अभ्यासक चार्ल्स रायरी यांनी १९६५ सालीच डिस्पेन्सेशन म्हणजे निव्वळ काळ नव्हे, देवाच्या योजनेतली वेगळी ओळखू येणारी कारभाराची रीत, असं मांडलं आहे. इस्राएल आणि मंडळी यांतला भेद मी टाळला, रोमकरांस पत्र ११:२९ (देव आपली दानं आणि पाचारण मागे घेत नाही) विसरलो. एक संदर्भ चुकला. आणि मग तुमचं शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: “ज्यांनी मंडळीत कधी झाडूसुद्धा हातात घेतला नाही, त्यांनी घरी पंख्याखाली बसून कारभारीपण शिकवू नये.”

संदर्भ चुकला हे मान्य. इफिसकरांस ३:२ लिहायचं ते २:३ पडलं. दुरुस्त केलं आहे. आभार. माझी चूक कुणी दाखवली तर मला राग येत नाही, हे इथले जुने वाचक जाणतात.

पण झाडू?

साहेब, तुम्ही मला कधी भेटला नाहीत. मी अकरा वर्षं मंडळीचा खजिनदार होतो. खजिनदार म्हटलं की लोकांना किल्ल्या आणि रुबाब दिसतो. प्रत्यक्षात रविवारी सगळे घरी जाऊन रस्सा ओरपत असताना दोघा पंचांसमोर मखमली पिशवी उलटी करायची, ओल्या हातांनी टाकलेल्या नोटा सुट्या करायच्या, दहाची नाणी वेगळी, पाचची वेगळी, आणि वहीत तिघांच्या सह्या. एकदा एकवीस रुपये कमी भरले. माझ्या खिशातून घालणं सोपं होतं. मी घातले नाहीत, ‘एकवीस रुपये कमी’ असं वहीत लिहिलं. त्यावरून मंडळीत काय काय बोललं गेलं ते इथे सांगत नाही. आणि शनिवारी संध्याकाळी झाडलोट करायला बाई आली नाही की झाडू कोण घ्यायचं? फाल्गुनात लिंबाचा पाला गळायचा तेव्हा पायरीपासून फाटकापर्यंत झाडून होईतो वाऱ्याने मागे पुन्हा तेवढाच पसरलेला असायचा. सोलापूरचा मार्च तुम्हाला माहीत असेल, नसेल तर एकदा येऊन बघा. पंख्याखाली म्हणे!

आणि कारभार हा शब्द मी शब्दकोशात पहिल्यांदा पाहिला नाही. माझे वडील साखर पेठेजवळ एका चादरीच्या कारखान्यात दिवाणजी होते. मालक लग्नकार्याला हैदराबादला गेले की आठ-आठ दिवस सुताचा साठा, मजुरी, उचल, सगळं वडिलांकडे. रात्री कंदिलापाशी, म्हणजे वीज गेली की, ते रोजमेळ मिळवत बसायचे. त्यांच्या हयातीत त्या कारखान्यात हातमाग गेले, यंत्रमाग आले. लुगडी बंद झाली, चादरी सुरू झाल्या, पुढे टॉवेल आले. थोरले मालक वारले, मुलगा गादीवर बसला. रीत दर वेळी बदलली. पण नवी वही उघडली की वडील पहिल्या ओळीत काय लिहायचे? मागील शिल्लक. ती पुढे ओढल्याशिवाय नव्या वहीत एक अक्षर नाही. मला सात युगांच्या तक्त्याशी भांडण आहे ते एवढंच. तिथे प्रत्येक गोलाला वही मिटते, मागचा हिशेब नापास म्हणून फाडला जातो आणि देव नवी परीक्षा घेतो. नोहाशी केलेला करार नोहाच्या गोलात, सीनाय पर्वतावरचं नियमशास्त्र सीनायच्या गोलात, आणि येशूचं डोंगरावरचं प्रवचनसुद्धा काही जुन्या तक्त्यांत आपल्यासाठी नाहीच, पुढच्या राज्यासाठी. मग आपल्याकडे उरतं काय, लाल बाण?

आता शब्दाकडे. ‘ओइकोस’ म्हणजे घर. ‘ओइकोनोमोस’ म्हणजे घर चालवणारा, मालक नसलेला. ‘ओइकोनोमिया’ नव्या करारात नऊदा येतो. लूक १६ मध्ये तीनदा, अन्यायी कारभाऱ्याच्या दृष्टान्तात, आणि बाकी सहादा प्रेषित पौलाच्या पत्रांत. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने लूकमध्ये एक शब्द वापरला आणि पौलाच्या चार ठिकाणी दुसराच, ‘डिस्पेन्सेशन’. हा लॅटिनमधून आला, तोलून वाटून देणं या अर्थाचा. दवाखान्यातली डिस्पेन्सरी त्याच घरातली. इंग्रजी वाचणाऱ्याला कळणारच नाही की हिशेब मागितलेला तो कारभारी आणि पौल यांच्या हातात एकच शब्द आहे. आपल्याला मात्र कळायला काय अडचण आहे? आमच्या गावाकडे बायको नवऱ्याला हाक मारते, “अवं कारभारी!” त्यात घराची मालकी नसते, जबाबदारी असते. (मालकी कोणाची ते प्रत्येक घराला ठाऊक आहे.) बारभाईंनी सवाई माधवरावांच्या नावाने कारभार केला तोही पाळण्यातल्या पोराच्या वतीने. दुसऱ्याचं सांभाळायचं आणि विचारलं की हिशेब द्यायचा, हा अर्थ मराठी माणसाला शिकवावा लागत नाही.

गंमत पाहा. स्कोफिल्ड, धंद्याने वकील, यांच्या टीपांचं बायबल १९०९ मध्ये निघालं. १९१७ च्या सुधारित आवृत्तीत ‘डिस्पेन्सेशन म्हणजे मनुष्याच्या आज्ञापालनाची परीक्षा होते तो कालावधी’ ही व्याख्या कोणत्या वचनाच्या टीपेत आहे? उत्पत्ती १:२८. म्हणजे जिथे देव पृथ्वी माणसाच्या हाती देतो, तिथेच. वरच्या ओळीत पृथ्वी सोपवली आहे आणि खालच्या बारीक टाइपात घड्याळ लावलं आहे. पुढच्याच अध्यायात, २:१५ मध्ये, आदामाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. आमच्या आवारात बाग नव्हती, एक लिंब होता.

आता रायरी. वाचले आहेत. तुम्ही म्हणता त्यांनी काळाऐवजी कारभारावर भर दिला. मग ते माझ्याच बाजूचे झाले, भांडण कशाला? तो तक्ता टांगणाऱ्यांना सांगा. रोमकरांस ११ वर कधीतरी सवडीने लिहीन. त्याच अध्यायात जैतुनाचं झाड एकच आहे, फांद्या कलम केलेल्या आहेत, एवढं तूर्त लक्षात घ्या.

ही युगांची शिकवण जिथून पसरली त्या ब्रदरन पंथाच्या मंडळींचा मी अपमान केला असंही तुम्ही जाता जाता म्हटलं आहे. उलट आहे. अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हे पेशाने दंतवैद्य. चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून, असलेलं नसलेलं वाटून आधी बगदादला गेले आणि १८३३ मध्ये भारतात आले. गोदावरीच्या मुखाकडे ब्रदरनांचं काम उभं राहिलं ते त्यांच्या प्रेरणेतून. कारभारीपणाचं याहून ठसठशीत उदाहरण मला दिसत नाही, आणि तेही तुमच्याच परंपरेतलं. याच ग्रोव्ह्जनी १८३६ मध्ये ब्रदरनांचे पुढारी जॉन नेल्सन डार्बी यांना पत्र लिहिलं. तुम्ही आता सगळ्यांना वेगळं काढत चालला आहात, मला मात्र लोकांचे दोष सोसणं परवडेल, त्यांच्यातल्या चांगल्यापासून तुटणं परवडणार नाही, असा त्याचा आशय. मतभेद जिव्हारी लागणारा, पण डार्बींनी कधी झाडू धरला का, असं त्यात कुठे विचारलेलं नाही. पत्र मिळवून वाचा. टीका कशी करतात ते दिसेल.

तुम्ही नाव लपवून लिहिता आणि स्वतःला नम्र म्हणवता, याबद्दल मी काही बोलणार नव्हतो. बोललो. क्षमस्व.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त एक कळवतो. तो लिंब गेला. माझा लेख येऊन आठ दिवस झाले असतील, सकाळी फिरायला गेलो तर बुंधा तेवढा उरलेला, पांढरा, ओला, आणि त्याच्या शेजारी कुणीतरी आधीच स्कूटर लावलेली. आता तिथे फरशा आहेत. झाडलोट अजून शनिवारी साडेपाचलाच असते. पाला पडत नाही, धूळ मात्र दुपटीने येते. झाडू दोन आहेत, या.