अमेरिकेत मास्तरांना शाळा वाटतात म्हणे!

शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: अमेरिकेत कुणाही शिक्षकाने अर्ज केला की केंद्र सरकार चार्टर शाळा (म्हणजे सरकारी पैशावर, पण ‘चार्टर’ नावाच्या परवानगी-करारावर स्वतंत्रपणे चालणारी शाळा) काढायला कोट्यवधी रुपये देते, इमारतीसकट. शाळा त्याच्या मालकीची, फी त्याने ठरवायची, मुले त्याने निवडायची. आणि आपल्याकडे वीस टक्के अनुदानासाठी आझाद मैदानावर बसावे लागते. शेवटचे वाक्य खरे आहे, म्हणून बाकीचेही पटकन गळी उतरते.

योजना आहे, यात वाद नाही. १९९४ साली ती कायद्यात आली. अनेक वर्षे तिला दर वर्षी ४४ कोटी डॉलर मिळत होते, २०२५ मध्ये ५० कोटी झाले.

‘कुणाही शिक्षकाने’? आधी राज्यात चार्टरचा कायदा हवा. नेब्रास्का, साउथ डकोटा, व्हरमाँट इथे तो नाहीच, तिथला शिक्षक काय करणार? कायदा असेल तिथेही मंजुरी देणाऱ्या संस्थेकडे चार्टर मागितल्याशिवाय अनुदानाला पात्रता नाही. शिवाय बराचसा पैसा शिक्षकाला थेट मिळत नाही. तो राज्यपातळीवरच्या संस्थेकडे जातो आणि तिथून किमान ९० टक्के रक्कम स्पर्धेतून शाळांना दिली जाते.

‘इमारतीसकट’ हा तर कळस. बांधकामाला हा पैसा वापरता येत नाही. किरकोळ दुरुस्ती, इमारत नियमांत बसवण्यापुरते फेरबदल, शिक्षकांची तयारी, साहित्य, मुलांच्या वाहतुकीचा सुरुवातीचा एकरकमी खर्च, अशा सुरुवातीच्या खर्चांनाच परवानगी. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे, त्यातले नियोजनासाठी फार तर दीड वर्ष. पुढे शाळा चालते ती पटावर, म्हणजे दर विद्यार्थ्यामागे मिळणाऱ्या सार्वजनिक पैशावर. पट भरला नाही तर पगार निघत नाहीत. जागेचे भाडे हीच तिथल्या नव्या शाळांची मोठी डोकेदुखी, आणि नेमके तेच या मजकुरात फुकट मिळते! अनुदान घेऊनही कधी न उघडलेल्या शाळा आहेत, त्यावरून तिकडे टीकाही होते.

मालकीचे म्हणाल तर नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला हे अनुदान मिळत नाही. शाळा संचालक मंडळाच्या हाती असते, ते संस्थापक शिक्षकालाही घरी बसवू शकते. चार्टर ठरावीक वर्षांचा असतो, नूतनीकरण झाले नाही तर शाळा बंद.

फी आणि निवड यांबद्दल थोडक्यात: चार्टर शाळा सार्वजनिक असते, शिकवणी फी घेता येत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर अनुदानित शाळेला सोडत काढावी लागते. काही शाळा नको असलेली मुले आडवळणाने गाळतात, असा आरोप तिथेही होतो.

गंमत म्हणजे शिक्षकांनी वेगळ्या शाळा काढाव्यात ही कल्पना १९८८ साली मांडणाऱ्यांत शिक्षक संघटनेचेच अध्यक्ष अल्बर्ट शँकर होते. पुढे चार्टर चळवळीचे रूप पाहून तेच विरोधात गेले. पहिली चार्टर शाळा मिनेसोटात १९९२ साली उघडली, तेव्हा हे केंद्रीय अनुदान नव्हतेच.

फी आकारणारी, संस्थेच्या मालकीची नवी शाळा आपल्याकडे २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली निघते, पण तिला सरकार पैसे देत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने तिकडचे अनुदान आणि इकडची फी एकाच शाळेत बसवली आहे.