शांत राहा!

मधमाश्या पाळायच्या म्हटल्यावर मला सगळ्यांनी एकच सल्ला दिला : शांत राहा. पेटी कुठे ठेवावी, कशी ठेवावी यावर जाणकारांचं कधी एकमत होत नाही. शांत राहण्यावर मात्र होतं. आणि हे सांगणारा प्रत्येक जण पेटीपासून लांब उभा असतो.

शांततेची पूर्वतयारीही भलतीच. कपडे फिकट हवेत, काळ्या, केसाळ गोष्टीवर माश्या चवताळतात. माझ्या डोक्यावर तसं फारसं काही उरलेलं नाही. टक्कल जमेच्या बाजूला गेल्याचा हा पहिलाच प्रसंग. अत्तर लावायचं नाही. माश्यांवर श्वास सोडायचा नाही. आणि केळं तर अजिबात खायचं नाही! डंख मारताना माशी धोक्याचा जो गंध सोडते, त्यातलं मुख्य रसायन केळ्यासारखा वास देतं. हे कळल्यापासून बायको माझं तोंड हुंगून मला पेटीकडे सोडते.

पेटी उघडताना धूर दिला की हा गंध झाकला जातो. शिवाय घर सोडायची वेळ आली असं वाटून माश्या पोटभर मध पितात आणि सुस्तावतात. माझ्या धुराड्याला हे कोणीतरी सांगायला हवं. पेटीपाशी नेलं की ते विझतं आणि परत पेटवलं की धूर थेट माझ्या तोंडावरच्या जाळीत शिरतो. माश्या निवांत, खोकतोय मी.

झाडांचा चीक आणून माश्यांनी पेटीतल्या पोळ्याच्या चौकटी घट्ट चिकटवलेल्या असतात, त्या 'हळुवार' काढायच्या. मग राणी शोधायची. नाही सापडली तरी बिघडत नाही म्हणे. अंडं तीन दिवसांत उबतं, त्यामुळे अंडी दिसली की राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी इथेच होती असं समजायचं. पण ते टाचणीच्या टोकाएवढं अंडं बघायला चष्मा लागतो. चष्मा घामाने घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला, नाक जाळीच्या आत आणि हातमोज्यातली बोटं बाहेर. नेमकी त्याच वेळी नाकाला खाज सुटते.

तेवढ्यात डोळ्यांसमोर एक माशी चालू लागली. ती जाळीच्या बाहेरून चालतेय की आतून, एवढंच मला समजून घ्यायचं होतं. समजलं. आतून! त्यानंतर मी जे केलं त्याला शांत राहणं म्हणत नाहीत. बायकोने लांबूनच विचारलं, "अहो, नाचताय कशाला?" पुढे तो नर निघाला. नराला नांगीच नसते, पण ही माहिती आठवायला डोकं जागेवर लागतं.

मधाचं म्हणाल तर नातेवाइकांच्या रिकाम्या बरण्या येऊन पडल्यात. पहिल्या वर्षी मध माश्यांनाच ठेवायचा असतो, हे कोणाला पटत नाही. शेवटी मी हिशोबच मांडला : ऐन हंगामातली कामकरी माशी सहाएक आठवडे जगते आणि जन्मभर राबून चमच्याचा बारावा हिस्सा मध करते.

मेहुणा गंभीरपणे ऐकत होता. म्हणाला, "मग माश्या वाढवा की, दाजी."