थोरला जरा उधळ्या आहे

मागे एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन जिना चढत होतो, तर दुसऱ्या मजल्यावर समोरच्या आजींनी मला अडवून पेढे मागितले.

"कसले?"

"आता मलाच विचार कसले! बाळूचं जमतंय ना?"

बाळू म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय ३६, सरकारी नोकरी, डोक्यावर अजून बऱ्यापैकी केस. त्याचं जमत असेल तर पेढे वाटायला मी कर्ज काढलं असतं. म्हणजे, आणखी.

"मुलीकडचा माणूस येऊन गेला," आजी आवाज खाली आणून म्हणाल्या. "मंगळवारी. तुम्ही कोणी नव्हतात घरी. मी सगळं व्यवस्थित सांगितलंय. काही काळजी करू नकोस."

दोन पायऱ्या चढल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पिशवीतली कोथिंबीर जिन्यात पडली. मंगळवारी पावणेबाराला मला एक फोन आला होता. "सर, कार्डाच्या व्हेरिफिकेशनला आलोय, दाराला कुलूप आहे. शेजारी विचारून घेतो." मी मीटिंगमध्ये होतो. "हो हो, विचारा," म्हणालो. एवढंच म्हणालो.

प्रकरण थोडक्यात असं. माझ्या क्रेडिट कार्डावर एक लाख वीस हजार रुपये थकले होते. कसे थकले ते विचारू नका. मुलीचा लॅपटॉप, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी, आणि सासुरवाडीचं एक लग्न, ज्यात मी वधूपित्यापेक्षा जास्त यजमानकी केली. बिलावर ठळक अक्षरांत 'किमान देय रक्कम' छापलेली असते, ६,००० रुपये. मी दरमहा इमानदारीत सहा हजार भरत होतो आणि स्वतःला सज्जन समजत होतो. मग एका रविवारी कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेत हिशेब मांडला. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ४,२००. व्याजावर १८ टक्के जीएसटी, ७५६. झाले ४,९५६. म्हणजे माझ्या सहा हजारांतले मुद्दलात जातात १,०४४. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला गोड वाटतं, सत्यनारायणाच्या पूजेला वर्गणी मागावी तसं. वर्षाला ते बेचाळीस होतात. गावच्या सावकाराला आपण तीन पिढ्या शिव्या घातल्या. पण तो निदान व्याजावर जीएसटी लावत नसे, आणि दिवाळीला 'आपल्यासाठी खास खरेदी सवलत' असा मेसेजही पाठवत नसे.

ऑफिसातल्या एकानं उपाय सांगितला. बॅलन्स ट्रान्सफर. दुसऱ्या बँकेचं कार्ड घ्यायचं, ती बँक पहिल्या बँकेचे पैसे भरते, आणि आपण दुसरीचे कमी व्याजानं फेडायचे. याला आमच्याकडे ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणतात, पण इंग्रजीत म्हटलं की त्याला नियोजन म्हणतात.

मग मी पंधरा दिवस कार्ड निवडत होतो. एवढा विचार मी लग्नाच्या वेळी केला नव्हता. एका कार्डावर तीन महिने शून्य टक्के व्याज. प्रक्रिया शुल्क दोन टक्के, त्यावर पुन्हा जीएसटी, मिळून २,८३२ रुपये. ठीक. पण तीन महिन्यांत सगळं फेडायचं म्हणजे महिन्याला ४० हजार. अहो, महिन्याला ४० हजार भरता आले असते तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो? दुसऱ्या कार्डावर बारा महिने, महिन्याला दीड टक्का. हे बरं वाटलं. पण नव्या कार्डाची जी मर्यादा मिळेल तिच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम हलवता येणार, आणि मर्यादा किती ते कार्ड हातात आल्यावर कळणार. पत्रिका जुळते की नाही ते मंगलाष्टकं झाल्यावर सांगण्यातला प्रकार. त्यातच बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य होतं. जुनी रक्कम फिटेपर्यंत नव्या कार्डावर काहीही विकत घेतलंत, तर त्याला ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणजे ते कार्ड खिशात ठेवायचं, पण काढायचं नाही. असं कार्ड मला देणं म्हणजे मधुमेह्याच्या खिशात बर्फी ठेवणं.

फोनवरच्या मुलीला मी हे सगळं विचारलं. ती प्रत्येक प्रश्नाला "बरोबर सर, झिरो इंटरेस्ट," एवढंच म्हणत होती. मी म्हणालो, "आणि तीन महिन्यांनंतर?" ती म्हणाली, "तुम्ही तीन महिन्यांत भरणारच सर, तुमचा आवाजच तसा आहे." माझ्या आवाजाबद्दल आयुष्यात कोणी चांगलं बोललेलं नाही. तरी मी दीड टक्केवालं कार्डच निवडलं, अर्ज भरला, आणि त्या अर्जाचा शेवट मंगळवारी पावणेबाराला आजींच्या कोचावर झाला.

आता आजींबद्दल सांगायला हवं. आमच्या इमारतीत गेल्या चाळीस वर्षांत जेवढी लग्नं जमली, त्या सगळ्यांची चौकशी आजींच्या बैठकीतून झाली आहे. मुलीकडचे किंवा मुलाकडचे कोणी 'सहज' आले, की ते आधी आजींची बेल वाजवतात. आजी पोहे करतात आणि खरं सांगतात. खरं सांगण्याबद्दल त्यांची पंचक्रोशीत ख्याती आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाचं लग्न त्यांच्या एका वाक्यामुळे मोडलं. पुढे त्या मुलीच्या आईनं त्यांना साडी आणून दिली आणि तो मुलगा आजतागायत लिफ्टमध्येही त्यांच्याशी बोलत नाही. लिफ्ट बंदच असते, हा भाग वेगळा.

तर व्हेरिफिकेशनवाल्या मुलानं माझं पूर्ण नाव सांगितलं असणार. आजींनी त्यातलं आडनाव तेवढं ऐकलं. आमच्या घरात कोणी चौकशीला यावं असा एकच माणूस उरलाय, हे त्यांच्या मनात पक्कं. पुढचं सगळं मला त्यांनी जिन्यातच, दोघांचे आवाज काढून, अभिमानानं ऐकवलं.

"इथे किती वर्षं राहतात, आजी?"

"पोरं इथलीच रे. यांच्या आईच्या डोहाळजेवणाला ओटी मी भरली."

त्यानं बहुधा 'जन्मापासून' लिहिलं.

"घर स्वतःचं की भाड्याचं?"

"आईच्या नावावर आहे. पण म्हातारीनंतर दोघांचंच ना? आणि थोरला काही भांडणारा नाही, तेवढी ताकद नाही त्याच्यात."

"यांच्यात..." त्यानं मोबाइलमध्ये बघून माझं नाव वाचलं, "...हे कोण?"

"तो थोरला. त्याचं सोड, तू बाळूचं विचार."

"नाही आजी, मला यांचंच विचारायचंय."

इथे आजी म्हणे खूश झाल्या. "मी ओळखलं, पोरगा तयार आहे. घराणं बघायचं तर थोरल्यावरून बघतात!" आणि त्यांनी पोह्यांवर खोबरं वाढवलं.

त्यानंतर बाळूला उजळ करण्यासाठी आजींनी मला जो काळा रंग लावला, तो मी अजून घासून काढतो आहे. थोरला मनानं चांगला, पण जरा उधळ्या आहे. मध्ये नोकरी गेली तेव्हा आठ महिने घरी होता, तेव्हासुद्धा गणपतीत सजावट थर्माकोलवर भागली नाही, फुलांची केली. गाडी होती, विकली. का विकली ते त्याच्या बायकोला विचार, मला सांगितलं पण मी सांगणार नाही. राहणीमान? वरवर चांगलं आहे. धाकट्याला मात्र त्याचं वळण नाही हो. तो पंख्याचं बटण बंद केल्याशिवाय खोलीतून बाहेर पडत नाही.

मग आजींनी उलट तपासणी सुरू केली.

"मुलगी काय करते?"

"मुलगी नाही आजी, मी फक्त चौकशी करतो."

"हो हो, मध्यस्थ. निर्णय कोण घेतं?"

"मी फाइल वर पाठवतो. वरचे ठरवतात."

"म्हणजे मामा," आजी म्हणाल्या.

यावर तो मुलगा काय बोलणार? त्यानं दुसरी बशी घेतली. तो सकाळपासून उन्हात अशा किती इमारती चढला असेल कोण जाणे. त्याच्यावर रागावायचं मी ठरवलं होतं, पण आजी म्हणाल्या, "घामाघूम झालेला रे, दोन तांबे पाणी प्यायला," आणि माझा राग कुणावर ठेवावा हेच कळेना. आजींवर ठेवावा, तर त्यांचं एकही वाक्य खोटं नाही. माझ्या बायकोनंही यादी तपासली आणि फक्त गणपतीच्या फुलांवर आक्षेप घेतला. ती फुलं तिच्या माहेरहून आली होती.

गुरुवारी मेसेज आला. "अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करण्यास आम्ही असमर्थ आहोत." रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत आहे की अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं. 'अंतर्गत धोरण' हे नेमकं कारण असेल, तर उद्या मीही हप्ता चुकवून 'अंतर्गत अडचण' असं लिहून पाठवीन. कारण आजी होत्या की सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीला गुण देणारी संस्था, हे मला कधीच कळणार नाही. सिबिलमध्ये मला ७३१ गुण होते. हे गुण ३०० पासून ९०० पर्यंत असतात आणि बँकांना ७५० च्या वरचा विद्यार्थी आवडतो. माझे कमी का, तर कार्डाची मर्यादा दीड लाख आणि मी वापरलेले एक लाख वीस हजार. इतकं वापरणं म्हणे चांगलं दिसत नाही. मग दीड लाखाची मर्यादा दिली कशाला? शोभेला? आणि ज्यानं आयुष्यात कधीच कर्ज घेतलं नाही त्याला सिबिल शून्य सुद्धा देत नाही, उणे एक दाखवतं. म्हणजे आजी उणे एक. ७३१ गुणांच्या माणसाची लायकी उणे एक गुणाच्या बाईनं ठरवली, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बरोबर ठरवली.

पूर्वी वाण्याच्या दुकानात एक चित्र टांगलेलं असायचं. एका बाजूला रोखीनं विकणारा गलेलठ्ठ शेठ, तिजोरीशेजारी रेललेला. दुसऱ्या बाजूला उधारीनं विकणारा, हाडाची काडं झालेला, भोवती उंदीर. लहानपणी मला त्या वाळक्या माणसाची फार दया यायची. आता विचार केला तर त्या चित्रात उधारीनं घेणारा कुठेच नाही. तो बहुधा पिशवी घेऊन चित्रासमोर उभा असायचा. आणि आताच्या चित्रात उधारीनं देणाराच गलेलठ्ठ आहे, ४२ टक्क्यांनी. चित्रकाराला हे कसं दिसणार होतं म्हणा.

शुक्रवारी त्याच बँकेतून फोन आला. १४० नं सुरू होणारा नंबर. "अभिनंदन सर, तुमच्यासाठी कार्ड प्री-अप्रूव्ह झालंय." मी म्हणालो, "काल तुम्हीच नाही म्हणालात." मुलगा म्हणाला, "तो विभाग वेगळा सर." मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यानं ते शांतपणे ऐकून "आपला दिवस शुभ जावो" म्हटलं, त्यामुळे जास्तच चीड आली.

आजींना शेवटी खरं सांगावं लागलं. त्या पेढ्यांसाठी रोज दार उघडून उभ्या राहत होत्या. स्थळ नव्हतं, कर्ज होतं, हे ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. वाटलं, ओशाळल्या. पण त्यांनी विचारलं, "एका बँकेचं फेडायला दुसरीकडून घेणार होतास. दुसरीचं फेडायला?"

"पगारातून."

"मग पहिलीचंच पगारातून का नाही?"

मी त्यांना ४,९५६ रुपयांचा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी तो लगेच समजून घेतला. बावीस वर्षं त्या भिशी चालवतात. पंधरा बायका, महिन्याला चार हजार, साठ हजारांची भिशी. पहिली भिशी चालवणाऱ्याची, हा रिवाज. दिवाळीनंतरच्या नव्या भिशीतलं त्यांनी एक नाव मला दिलं आणि आपली पहिली उचल माझ्याशी बदलली. बिनव्याजी, बिनजीएसटी. प्रक्रिया शुल्क एवढंच, की पंधरा बायकांच्या मधोमध सतरंजीवर बसून मला पैसे मोजून घ्यावे लागले आणि प्रत्येकीनं "कशाला लागले रे?" असं विचारलं. उरलेल्या साठ हजारांचे जुन्या बँकेनं हप्ते बांधून दिले. तिथेही तीन फोन, दोन विभाग आणि एक तक्रार लागली, पण ते जाऊ दे.

रिझर्व्ह बँकेचा आणखी एक नियम आहे. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कोणी फोन करायचा नाही. आज एक तारीख. सकाळी सहा चाळीसला मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर समोरचं दार आधीच उघडं होतं.

"चार हजार आणतोस ना रे?" आजी म्हणाल्या. तळमजल्यावरच्या दूधवाल्यानंही वर बघितलं.