बूच लावलंस का?

परवा रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ आला आणि त्याखाली जे शंभरेक मेसेज पडले ते वाचता वाचता माझी झोप उडाली, म्हणून हे लिहितोय. व्हिडिओत काय, तर आपल्या किनाऱ्यावरची एक जेटी, तिच्या बाजूने पाण्यात उतरणारा सिमेंटचा रॅम्प, त्या रॅम्पच्या बरोब्बर मधोमध एक भलीमोठी गाडी, मागे ट्रेलर, ट्रेलरवर नवी कोरी फायबरची बोट आणि बोटीत चार जण आरामात सामान लावतायत. एक जण आइसबॉक्स चढवतोय, एक जण लाइफ जॅकेटच्या पिशव्या फोडतोय, एक जण सेल्फी काढतोय. पाण्यात मासेमारीच्या दोन होड्या वर यायच्या म्हणून ताटकळल्यात, ओहोटी लागलीये. शेवटी एक म्हातारा ओरडतो, "ओ, गाडी काढा!" त्यावर गाडीवाला म्हणतो, "रॅम्प काय तुझ्या बापाचा आहे?" व्हिडिओ संपला.

आता या गाडीवाल्यावर मी चिडलो असतो तर ठीक होतं. असे लोक सगळीकडे असतात. माझं डोकं फिरलं ते माझ्या मामेभावाच्या मेसेजने. दादाने स्वतः गेल्या वर्षी अशीच ट्रेलरवाली बोट घेतलीये त्यामुळे तो या विषयात तज्ज्ञ आहे. त्याने लिहिलं, "लगेच सुरू करू नका की आपल्या लोकांना शिस्त नाही. रांगबिंग हे गोऱ्यांचं वेड आहे. आपल्याकडे बोट अडकली तर चार माणसं न बोलावता धावत येतात आणि उचलून पाण्यात ठेवतात. तिकडे माणूस बुडत असला तरी रांग सोडणार नाहीत." आणि खाली हसणारे इमोजी, आणि मग एकेकाने माझं नाव टॅग करायला सुरुवात केली, "काय रे मिनेसोटा, खरं का?"

खरं नाहीये. मुळात रांग हा मुद्दाच नाहीये. इथे अमेरिकेत, मिनेसोटात मी 11 वर्षं आहे, त्यातली 7 वर्षं बोट आहे, आणि रॅम्पवरची सगळी रीत एका वाक्यात सांगायची तर जे काही करायचं ते रॅम्पवर यायच्या आधी करा. पार्किंगच्या कडेला जागा असते तिथे थांबायचं, मागचे पट्टे सोडायचे, सामान चढवायचं, दोर पुढे-मागे बांधून ठेवायचे, ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढायची, बूच लावायचं, किल्ली खिशात आहे का बघायचं. पुढचा विंचचा, म्हणजे बोट ओढायच्या हातरहाटाचा, पट्टा तेवढा पाण्यात जाईपर्यंत सोडायचा नाही, कारण रोलरवाला ट्रेलर असला आणि तो पट्टा आधीच काढला तर बोट घसरून थेट सिमेंटवर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि तो आवाज अजून कानात आहे. मग आपला नंबर आला की गाडी मागे घ्यायची, एकाने दोर धरून बोट डॉकच्या बाजूला न्यायची, दुसऱ्याने गाडी वर. दोघं असतील तर दोन-तीन मिनिटांचं काम. परत येतानाही तेच, बोट ट्रेलरवर घेतली की आधी वर जायचं आणि मग कडेला थांबून बाकीची आवराआवर. अंधारात मागे येताना हेडलाइट बंद करायचे, नाहीतर शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या डोळ्यांवर ते येतात आणि त्याला आरशात काहीच दिसत नाही.

यात गोरं काय आहे? रॅम्प अरुंद आहे, बोटी जास्त आहेत, एवढंच आहे. व्हिडिओतल्या चौघांनी तो आइसबॉक्स पन्नास फूट मागे, रस्त्यावर चढवला असता तर म्हाताऱ्याला ओरडायलाच लागलं नसतं.

मग मी ग्रुपवर जरा जोरातच लिहिलं. म्हटलं, इथे नुसत्या सवयी नाहीत, त्यामागे कारणं आहेत. उदाहरणार्थ पॉवर लोडिंग. बऱ्याच जणांना बोट ट्रेलरवर घेताना विंच फिरवायचा कंटाळा येतो, मग इंजिन रेटून बोट वर चढवतात. दिसायला मस्त दिसतं. पण पंख्याच्या झोताने रॅम्पच्या टोकाखालची वाळू आणि खडी उडते, सिमेंट संपतं तिथे खड्डा पडतो, आणि उडालेली सगळी माती थोडी मागे जाऊन तिचा ढीग होतो. म्हणजे पुढच्या माणसाच्या ट्रेलरचं चाक खड्ड्यात आणि त्याच्या पुढच्याचा पंखा ढिगावर. ज्याने केलं तो तोपर्यंत घरी पोचलेला असतो. याला मॅनर्स म्हणा, नाहीतर हिशोब म्हणा.

आणि बूच. बोटीच्या मागे बुडाशी भोक असतं, आत साठलेलं पाणी काढायला, त्याचं बूच. मिनेसोटात रस्त्यावरून बोट नेताना ते काढलेलंच पाहिजे, कायदा आहे, आतलं पाणी सगळं सांडून, ट्रेलरला अडकलेलं शेवाळ-गवत काढून मगच रस्त्याला लागायचं. कारण झेब्रा मसल. काळ्या समुद्राच्या, कॅस्पियनच्या भागातला नखाएवढा शिंपला, जहाजांचा तोल राखायला टाक्यांत भरतात त्या बॅलास्टच्या पाण्यातून इकडे आला, 1988 साली ग्रेट लेक्समध्ये सापडला, 1989 मध्ये मिनेसोटातल्या डुलुथच्या बंदरात, आणि 2010 मध्ये आमच्या मिनेटोंका तळ्यात. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, बोटीत राहिलेल्या तांब्याभर पाण्यातूनही दुसऱ्या तळ्यात जातात, आणि एकदा गेली की पाइप, डॉक, दगड सगळ्यांवर थर बसतो, अनवाणी पाण्यात उतरलं की पाय कापतो. म्हणून वीकेंडला रॅम्पवर डीएनआरची, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची, कोणी कॉलेजातली मुलगी वही घेऊन उभी असते आणि विचारते, या आधी कुठल्या तळ्यात होतात. यावर ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "हे तुमचे प्रॉब्लेम, आपल्याकडे असलं काही नाही." काका, केरळात अष्टमुडी तलावाच्या पाण्यात दक्षिण अमेरिकेकडचा परका शिंपला येऊन बसलाय, जरा विचारा तिकडच्या मच्छीमारांना. हे मी लिहिलं आणि मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग दादाचा मेसेज आला. एकच ओळ. "तुझ्या तळ्याला भरती-ओहोटी असते का रे?"

नसते.

आणि इथे माझी गाडी जरा अडली. कारण इथलं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं, त्यामुळे तुझा नंबर आधी की माझा, दहा मिनिटं इकडे-तिकडे झाली तर कोणाचं काय जातं. पण तिकडे ओहोटी लागली की रॅम्पचं टोक उघडं पडतं आणि खाली नुसता चिखल, मग होडी वर घ्यायची तर पुढच्या भरतीपर्यंत थांबा. मालवाली होडी असेल तर माल उन्हात. लहानपणी मी मामाकडे हे रोज बघायचो. कोण आधी आलं याला तिथे काही अर्थ नसायचा, कोणाचं पाणी चाललंय याला असायचा, आणि ते कोणी ठरवायचं नाही, सगळ्यांना दिसायचं. मोठी, भरलेली होडी आधी. रिकामी थांबायची. आणि वर ओढायला ती रिकाम्या होडीवालीच माणसं यायची, खाली ओंडके सरकवत, एक जण सूर धरायचा आणि बाकीचे त्यावर जोर लावायचे. मला दोराचं शेवटचं टोक धरायला द्यायचे, ज्याला काहीही वजन नसायचं. मला वाटायचं मीच ओढतोय.

म्हणजे दादा म्हणतो ती माणुसकी होती. फक्त ती व्हिडिओतल्या गाडीवाल्याची नव्हती, त्या म्हाताऱ्याची होती, आणि दादाने ती गाडीवाल्याच्या खात्यात जमा केली याचा मला राग आहे. न बोलावता धावून येणारी ती चार माणसं कोण आहेत? ज्यांचा रॅम्प तुम्ही अडवलाय तीच. त्यांना रॅम्प मोकळा हवा असतो म्हणून ती तुमची बोट उचलतात. हे मी ग्रुपवर लिहायला हवं होतं, नाही लिहिलं, मामी त्या ग्रुपवर आहे.

अजूनही बऱ्याच गोष्टी मी लिहिल्या नाहीत. मे महिन्यात ओपनरच्या, म्हणजे मासेमारीचा हंगाम उघडतो त्या, शनिवारी पहाटे आमच्या रॅम्पवर काय चालतं ते लिहिलं नाही. गेल्या ओपनरला दोन पिकअपवाले रॅम्पवर टेलगेट उघडून वीस मिनिटं गप्पा मारत होते, एकाचा कुत्रा पाण्यात, मागे आम्ही नऊ जण, आणि कोणी चकार शब्द काढला नाही. मिनेसोटात कोणी ओरडत नाही. हॉर्नही वाजवत नाही. सगळे समोर बघत कॉफी पितात. आणि पॉवर लोडिंग करू नका अशी पाटी आहे तिच्याच खाली रोज कोणीतरी ते करतं.

आणि माझं पहिलं वर्ष तर मी कोणालाच सांगितलं नाहीये. बूच काढून आणायचं असतं ना, मग ते परत लावायचं विसरायला होतं, हे सगळ्यांचं होतं. माझंही झालं. बोट पाण्यात गेली, बायको डॉकवर दोर धरून उभी, मी गाडी लावून आलो तोवर आत घोट्याएवढं पाणी. परत ट्रेलर मागे, परत बोट वर, आणि मग रॅम्पच्या मध्यावर मी उभा आणि बोटीच्या बुडातून नळासारखी धार, थांबतच नाही. घाबरल्यावर डोकं चालत नाही, नाहीतर बाजूला घेऊनही धार लागलीच असती. मागे सात गाड्या. कोणी काही बोललं नाही. एक म्हातारा उतरून आला, स्वतःच्या डब्यातून एक जादा बूच काढून माझ्या हातावर ठेवलं, "हॅपन्स" म्हणाला आणि परत गाडीत जाऊन बसला. नाव नाही, गाव नाही. आपल्याकडे एव्हाना माझं शिक्षण, पगार आणि ही बोट कोणी गळ्यात मारली हे सगळं विचारून झालं असतं. मला त्या क्षणी कोणीतरी ओरडलेलं चाललं असतं.

त्यानंतर मी काय केलं, तर सगळा उन्हाळाभर रविवारी सकाळी सहा वाजता शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेलर मागे घ्यायची प्रॅक्टिस. सहा वाजता अशासाठी की कोणी बघू नये. माझा ट्रेलर आता एका झटक्यात सरळ जातो, तीन मिनिटांत बोट पाण्यात असते, पट्टे, दोर, वायर, बूच, माझी यादी पाठ आहे, आणि लोकांना वाटतं हा माणूस काय शिस्तीचा. शिस्त कसली, भीती आहे. त्या दोन पिकअपवाल्यांनी वीस मिनिटं घेतली तर ते दोन माणसं वेळ घेतायत असं असतं. मी चार मिनिटं घेतली तर "हे लोक" वेळ घेतायत. असं मला कोणी कधी म्हटलेलं नाही हं. पण मी घेऊन बघितलेलीच नाहीत चार मिनिटं.

गेल्या डिसेंबरात तिकडे गेलो होतो तेव्हा त्याच मामाच्या किनाऱ्यावर उभा होतो. दोन होड्या एकाच वेळी येत होत्या आणि वर मोठा गोंधळ चाललेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, एकेक करून घ्या ना, ती आधी आलीये." त्यातल्या एकाने, माझ्याच वयाचा असेल, माझ्याकडे बघितलंही नाही. अगदी प्रेमाने म्हणाला, "पाहुणे, जरा बाजूला व्हा, दोर लागेल." मी बाजूला झालो. इथल्यासारखाच, पटकन.

असो. काल रात्री सगळं शांत झाल्यावर दादाचा मला वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही. "ऐक ना, गाडी मागे घेताना ट्रेलर सारखा आडवा होतो रे. दर वेळी शेवटी पोरांना बोलावून हाताने ढकलायला लागतो. तू कसं करतोस?"

म्हणजे ती चार माणसं ही.

मी त्याला सविस्तर लिहिलं. की स्टिअरिंग वरून धरू नकोस, खाली, सहाच्या काट्यावर एक हात ठेव, मग हात ज्या बाजूला नेशील त्याच बाजूला ट्रेलर जातो, डोकं वापरायची गरज नाही. अगदी हळू. आडवा व्हायला लागला की सावरत बसू नको, पुढे घे, सरळ कर, परत मागे, त्यात लाज नाही. आणि रॅम्पवर शिकू नको, एखादं मोकळं मैदान बघ, पहाटे जा, कोणी नसताना.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "कोणी नसताना कशाला? रविवारी संध्याकाळी करतो मैदानात, सगळी पोरं येतील बघायला. व्हिडिओ कॉल लावतो, तू तिकडून सांग."

रविवारी संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ. सहा-साडेसहा. मी अलार्म लावून ठेवलाय.