डबा पालथा करून बघा

लेखात मास गेनरच्या, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीच्या, किमतीवर लिहिलंय, पण डब्यामागचा तक्ता वाचायचा कसा ते राहिलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर पैसे स्टार्चच्या पावडरीला गेले! मग प्रोटीनच्या ग्रॅमला स्कूपच्या ग्रॅमनं भागा नि शंभरनं गुणा. १०० ग्रॅममागे १५ निघाले, तर कोल्हापूरच्या गंगावेशीत अर्धा लिटर म्हशीचं दूध प्यालेलं बरं. त्यात १८-२० ग्रॅम प्रोटीन मिळतं. व्हेमध्ये, म्हणजे दुधापासूनच्या प्रोटीन पावडरीत, ग्लायसीन, टॉरीन अशी सुटी अमिनो आम्लं वेगळी घातलेली दिसली तर सावध. नेहमीची चाचणी प्रोटीन थेट न मोजता नायट्रोजन मोजते, नि तो यांच्यातही असतो, म्हणून प्रोटीनचा आकडा फुगतो. आणि ‘महिन्यात पाच किलो’ वजन वाढेल म्हणतात, ते म्हणजे बहुतेक चरबी नि पाणी. तालमीत नव्यानं जाणाऱ्या पोरांना दुकानदार हे कशाला सांगतोय?